चाळीस कलमं

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. घरात आम्ही कोकणी बोलतो, वर्गात उर्दू आणि तहसील कचेरीत मराठी. त्यामुळे एकच हिशेब मला तीन भाषांत मांडता येतो. तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत एक साधा हिशेब माझ्याकडून चुकला होता. तो चुकला आहे हे मला भर समुद्रातल्या एका बेटावर, कधीही शाळेत न गेलेल्या एका म्हातारीने दाखवून दिलं. त्याची ही हकिगत.

अब्बांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मागे राहिलं ते कौलारू घर, भाताचं एक खाचर आणि हापूसची चाळीस कलमं. कलमं अब्बांनी स्वतःच्या हाताने लावलेली आणि पहिले तीन उन्हाळे विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहून अम्मीने जगवलेली. वारस आम्ही चौघं. अम्मी, दोन भाऊ आणि मी. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत. मुलंबाळं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. चाळीसचा आठवा हिस्सा पाच. उरली पस्तीस. त्यांचे पाच भाग केले की एक भाग सातचा. म्हणजे अम्मीची पाच, भावांची चौदा-चौदा आणि माझी सात. बाकी शून्य. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर याहून अवघड उदाहरणं घालते.

पण आपल्याकडे हा हिशेब फळ्यावर सुटतो, जमिनीवर सुटत नाही. नमाज-रोज्याच्या बारीकसारीक मसल्यांवर तासन्‌तास वाद घालणारी आपली माणसं बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघाला की एकदम रिवाजाची भाषा बोलायला लागतात. बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या फुफीने सही केली, खालाने केली, अम्मीने तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मामांना अंगठा दिला होता. मग मीच कोण मोठी लागून गेले?

भाईजान वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकते. तो गावात राहिला. कलमांना खत, फवारणी, राखण त्यानेच केली. अब्बांच्या आजारपणात मुंबईच्या हॉस्पिटलच्या पायऱ्या त्यानेच झिजवल्या. धाकटा कुवेतला, मी सासरी. सुटी लागायच्या आदल्या आठवड्यात भाईजानने हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या लग्नात अब्बांनी काय कमी केलं होतं? सुटी संपायच्या आधीचा सोमवार धरलाय. दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, "येते." मसुदा घडी करून पर्समध्ये टाकला. तो वाचलाही, पण जिथे माझं नाव होतं तेवढाच.

याच सुटीत आमचं बेटावर जायचं ठरलं होतं. माझे पती व्यापारी जहाजावर नोकरी करतात. त्यांच्याबरोबर पुष्कळ वर्षं काम केलेले एक वयस्क सहकारी लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटाचे. निवृत्त झाल्यापासून ते बोलावत होते. लक्षद्वीपला मनात आलं की जाता येत नाही, परवाना लागतो. तो त्यांनीच आमच्यासाठी मागितला. रत्नागिरीहून आम्ही मंगला एक्स्प्रेस पकडली. त्या गाडीचं पूर्ण नावच मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. इतकी वर्षं मी ती स्टेशनवर येता-जाताना पाहत होते, पण नावातल्या लक्षद्वीपकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. एर्नाकुलमला उतरलो, कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाजात बसलो आणि गुरुवारी सकाळी कल्पेनी दिसलं.

दिसलं म्हणजे काय, पाण्यावर माडांची एक रेघ दिसली. डोंगर नाही, टेकडी नाही. आम्ही कोकणातली माणसं. समुद्राकडे पाठ केली की समोर सह्याद्री असायचाच, अशी डोळ्यांना सवय. इथे समुद्राच्या पाठीमागेही समुद्र. लक्षद्वीपची बेटं मोजायला 36, माणसं राहतात ती फक्त 10, आणि सगळ्या बेटांची जमीन मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत सगळी लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास भरली आणि त्यात शंभरातले शहाण्णव मुसलमान. कल्पेनी तर तीन चौरस किलोमीटरही नाही. त्या दिवशी जहाज बाहेर खोल पाण्यात थांबलं आणि आम्हाला होडीत उतरवलं. माझी अकरा वर्षांची मुलगी खलाशाच्या हाताला धरून टुणकन उतरली. मी मात्र आयतुल कुर्सी म्हणत.

आमचे यजमान धक्क्यावर उभे होते. त्यांच्याबरोबर माडांच्या सावलीतल्या वाटेने चालत घरी आलो. घर बसकं, जुन्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, पुढे वाळूचं अंगण. ओसरीवर त्यांची आई बसली होती. तिथे आईला उम्मा म्हणतात. ऐंशीच्या पुढचं वय, डोक्यावर पांढरी ओढणी, कानांच्या पाळ्या जुन्या दागिन्यांच्या वजनाने लोंबलेल्या. त्यांना त्यांची बेटावरची मलयाळम येत होती, जिला जेसरी म्हणतात, आणि मला त्यातला एक शब्द येत नव्हता. त्यांनी सलाम घेतला, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि चुलीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. जेवायला चला, हे कळायला भाषा लागत नाही. आपण ज्याला कुपा म्हणतो त्या माशाचं कालवण, भात आणि नारळ. पुढचे चार दिवस कुपा आणि नारळ हेच नाना रूपांत ताटात येत राहिलं. वाळवलेल्या कुप्याला तिथे मास म्हणतात. तो लाकडासारखा कडक, पण खोबऱ्यात कुटून दिला की भाताबरोबर दुसरं काही नको.

त्या चार दिवसांत आम्ही काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार थोडं आहे. पहाटे फज्रनंतर पूर्वेच्या किनाऱ्यावर जायचं. तिथे वाळू नाही, प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबच लांब बांध आहे. 1847 च्या वादळात समुद्राने तो उचलून किनाऱ्यावर टाकला. इतक्या वर्षांनीही तो तसाच पडून आहे. ऊन चढलं की पश्चिमेला. तिकडे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ खाजण, त्याला लाट अशी नाहीच. पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं मोजता यावीत. माझी मुलगी दिवसदिवस त्यात डुंबत होती. दूर कड्यावर समुद्र फुटत असायचा, त्याचा एकसारखा घुंगाट कानावर यायचा. किनाऱ्यालगत बायकांनी नारळाची सोडणं वाळूत पुरून, वर दगड ठेवून भिजत घातलेली. त्यांचा काथ्या करतात. एके काळी हा काथ्याच या बेटांचं चलन होता. कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याची इथे सत्ता होती. तेव्हा काथ्या द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा असा मामला होता. त्या घराण्याची गंमत अशी की वडीलधारी व्यक्ती स्त्री असेल तर गादीवर तीच बसायची आणि तिला अरक्कल बीवी म्हणत. म्हणजे मुसलमान बाईने राज्य केलेली ही बेटं.

पहिल्या रात्री एक गोष्ट घडली आणि मी चकित झाले. इशाची नमाज झाली, जेवणं झाली, गप्पा झाल्या. मग यजमान उठले, खुंटीवरची बॅटरी घेतली आणि म्हणाले, "चलतो, सकाळी येतो." मी विचारलं, "भाईसाहेब, रात्री कुठे निघालात?" ते हसले. म्हणाले, "माझ्या घरी. म्हणजे बायकोच्या घरी. हे माझ्या आईचं घर. इथे माझी बहीण राहते, पुढे तिच्या मुली राहतील. माझी मुलं त्यांच्या आईच्या घरात वाढली."

शुक्रवारी जुम्म्याहून आल्यावर त्यांनी नीट समजावून सांगितलं. बेटावर घराणं आईकडून चालतं, त्याला तरवाड म्हणतात. पूर्वी नवरा रात्री बायकोच्या घरी जायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परतायचा. आता नोकऱ्या आल्या, पगार आले, नवरा-बायको आणि मुलं असा वेगळा संसार थाटणारेही पुष्कळ झाले. पण मालमत्तेचे दोन प्रकार अजून लोकांच्या तोंडी आहेत. एक शुक्रवारची आणि एक सोमवारची. तरवाडाची, आईच्या बाजूने येणारी, ती शुक्रवारची. ती वाटायची नाही, बायकांच्या वंशात पुढे जाते. माणसाने स्वतःच्या मेहनतीने कमावलेली ती सोमवारची. ती मात्र शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे वाटतात. सोमवार म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. पर्समधला कागद आठवला.

हे सगळं कुणी आधी लिहून ठेवलेलं नाही असं नाही. परत आल्यावर मला समजलं की लीला दुबे या समाजशास्त्रज्ञ बाईंचं इस्लाम आणि मातृवंशीय व्यवस्था या विषयावरचं इंग्रजी पुस्तक 1969 साली निघालं, आणि ते याच कल्पेनी बेटाच्या अभ्यासावर आहे. बाई मूळच्या मराठी घरातल्या, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. आणि आम्ही मराठी मुसलमान! कोकणातले आम्ही शाफई, बेटावरचे लोकही शाफई. एकच फिकह, एकच अरबी समुद्र. तरी आम्हाला त्यांचा पत्ता नाही.

बेटावर बायकांचं राज्य आहे असं मात्र कुणी समजू नये. यजमानांची बहीण मदरशात शिकवते. तिला मोडकं हिंदी येतं. मी तिला म्हटलं, "तुम्ही नशीबवान, घर तुमच्या नावावर." ती मासे साफ करता करता म्हणाली, "घर माझं. पण माड कुणी तोडायचा, भिंत कुठे घालायची, हे मामा ठरवत होते. आता भाऊ ठरवतो." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मला कुणी घराबाहेर जा म्हणू शकत नाही. तलाक झाला तरी जायचं त्याने, मी नाही." तिचा पहिला नवरा गेला होता. ती आणि तिची चूल जागच्या जागी राहिली होती. शुक्रवारची मालमत्ता शरियतला धरून आहे का, असा प्रश्न बेटावरच्याच शिकलेल्या लोकांनी उपस्थित केलेला आहे आणि तरवाडाच्या वाटण्यांवरून भांडणंही होतात, हे तिनेच सांगितलं. मला त्यात एकच गोष्ट खुपत होती. त्यांचा रिवाज शरियतपेक्षा बाईला जास्त देतो म्हणून तिथे वाद. आमचा रिवाज शरियतने दिलेलंही काढून घेतो, त्यावर कुणाचा वाद नाही.

शनिवारी दुपारी उम्माने मला जवळ बोलावलं. मी मास्तरीण आहे हे त्यांना मुलाने सांगितलं होतं. कल्पेनीच्या लोकांना शाळेचा अभिमान आहे. लक्षद्वीपमध्ये मुली सगळ्यांत आधी शाळेत गेल्या त्या इथल्या, असं ते सांगतात. उम्माच्या नशिबी मात्र ती आली नाही. त्यांनी पेटीतून कापडात गुंडाळलेली एक जुनी पोथी काढून माझ्या मांडीवर ठेवली. अक्षरं अरबी, जेर-जबर दिलेली. मी वाचायला लागले. दोन ओळींत लक्षात आलं की शब्द अरबी नाहीत. ती अरबी-मलयाळम होती, भाषा मलयाळम आणि लिपी अरबी. काही जादा नुक्त्यांच्या अक्षरांवर मी अडखळत होते, उम्मा ती दुरुस्त करत होत्या. त्यांची नजर आता अंधुक झाल्याने कित्येक दिवसांत कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचत होते, मला काही कळत नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं. एका जागी त्यांनी डोळे पुसले. मीच वाचलेल्या कोणत्या शब्दाने, ते मला अजून ठाऊक नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे, फज्रला अवकाश होता तेव्हा, ओसरीवरच्या दिव्याखाली मी मसुदा काढून बसले. उम्मा तहज्जुदसाठी उठल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. उजाडल्यावर यजमान चहाला आले तेव्हा त्यांनी मुलाला विचारायला लावलं की पोरीच्या हातात कसला कागद आहे? मी सांगितलं, वडिलांच्या बागेतला हिस्सा भावांना लिहून द्यायचा आहे. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे रिवाज आहे. त्यांनी मान हलवली. रिवाज हा शब्द तिथेही होता, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मुलाने तो मला हिंदीत सांगितला, "उम्मा विचारतेय, तुझी आई कुणाच्या घरात झोपते?"

मी म्हटलं, "भावाच्या."

त्यांनी परत विचारलं, "कागद व्हायचा आहे ना अजून? मग आज कुणाच्या?"

मी उत्तर दिलं नाही. कागद उलटून पहिल्या पानावर आले. "लिहून देणार क्रमांक 1" या शब्दांपुढे अम्मीचं नाव होतं. क्रमांक 2 वर माझं. खाली वकिली मराठीत लिहिलं होतं की आम्ही दोघी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, घर आणि जमिनीतला आमचा संपूर्ण हक्क सोडून देत आहोत. हा मसुदा दोन आठवडे माझ्या पर्समध्ये होता. माझी सात कलमं जातात म्हणून मी मनातल्या मनात कुढत होते, मोठेपणाही मिरवत होते. अम्मीची पाच माझ्या लक्षातच आली नव्हती. पस्तीसचं गणित मी केलं, आणि त्याआधी चाळीसातून वजा केलेले पाच कुठे गेले हे पाहिलंच नाही. वर्गात मुलाने असं केलं तर मी त्याचे पूर्ण गुण कापते.

सोमवारी सकाळी निघालो. उम्माने मुलीच्या हातात खोबरं-गुळाच्या लाडवांची पुडी दिली. होडी खाजणातून बाहेर पडेपर्यंत बेट दिसत होतं, जहाज हललं तशी माडांची रेघ राहिली आणि मग तीही गेली.

ठरलेल्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. अम्मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "अम्मी, उद्या तुलाही अंगठा द्यायचाय, माहीत आहे?" म्हणाली, "भाई म्हणाला होता." मी विचारलं, "मग तू काही विचारलं नाहीस?" तिने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "तू शिकलेली. तू सही करणार म्हटल्यावर मी कशाला विचारू?"

एवढी वर्षं मी समजत होते की माझी सही हा माझा एकटीचा मामला आहे. माझ्या सहीच्या मागे अम्मीचा अंगठा उभा होता, आणि तिच्या मागे कोण जाणे आणखी कुणाकुणाचे.

संध्याकाळी भाईजानला सांगितलं. मी सही करणार नाही आणि अम्मीलाही करू देणार नाही. आंबे तूच काढ, बाग तूच बघ, तुझ्या मेहनतीचं तू घे, मला हिशेब नको. पण सातबाऱ्यावर चौघांची नावं राहू देत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार दिवस बेटावर जाऊन हे शिकून आलीस?" मी म्हटलं, "नाही, मी वर्गात हेच शिकवते." दुसऱ्या दिवशी मला एसटी स्टँडवर सोडायला तो आला नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. कुवेतहून धाकट्याचा फोन आला. तो म्हणाला, बरं झालं. पण तो दूर आहे, त्याला हे म्हणणं सोपं होतं.

वारसांची नोंद झाली. सातबाऱ्यावर अम्मीचं नाव पहिलं आहे. भाईजान ईदला गळ्याला गळा लावतो, पण पूर्वीसारखं बोलत नाही. भाबी चहा देते आणि आत जाते. माहेर तुटलं नाही, पण मुरगळलेल्या पायासारखं झालं आहे. पाऊल टाकताना दुखतं. हे मी लपवत नाही, कारण माझ्या बहिणींना हे वाचून वाटायला नको की हक्क सांगितला आणि सगळं गोड झालं.

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस भाईजान स्वतः आंब्याची पेटी घेऊन यायचा. या वर्षी आला नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीने एक पेटी आली. अम्मीचा फोन आला, "माझ्या पाच कलमांतली आहे. पोरीला दे." मी पेटीवरचं गवत बाजूला केलं आणि मग वरच्या फळीवर लिहिलेल्या पत्त्याकडे लक्ष गेलं. अम्मीला मराठी लिहिता येत नाही. अक्षर भाईजानचं होतं.